जर्बिलची जोडी एकमेकींच्या जिवावर उठली आहे, मदत हवी (ऐरोली)

नमस्कार मंडळी,
आमच्याकडे दोन जर्बिल आहेत, सख्ख्या बहिणी, वर्षाच्या आतबाहेर. (उंदरासारखा छोटा पाळीव प्राणी; हॅमस्टर नव्हेत, लांब केसाळ शेपटीच्या. सोसायटीत सगळे उंदीरच म्हणतात, ते सोडा.) इतके दिवस एकमेकींच्या अंगावर पडून झोपायच्या. हल्ली करडी काळीला घरट्याजवळ फिरकू देत नाही. पाठलाग, मागच्या पायांवर उभं राहून गुद्दागुद्दी हे चालूच होतं. काल रात्री मात्र दोघी चेंडूसारख्या एकमेकींत गुरफटून लोळल्या आणि काळीच्या शेपटीच्या मुळाशी रक्त आलं. टॉवेल टाकून वेगळं केलं. शेपटीला धरून कधी ओढू नका, कातडं सोलून हातात येतं.

काळी आता टबात आहे, खातेय-पितेय. लेक विचारते, 'परत एकत्र कधी ठेवायच्या?' फार दिवस वेगळ्या राहिल्या तर एकमेकींचा वास विसरतात आणि परकी समजून हल्ला करतात, म्हणून घाई आहे. पिंजऱ्याच्या मधोमध जाळी लावून कोणी जुळवल्या आहेत का? आमचा पिंजरा तीन मजली आहे, करडीने वरचा मजला बळकावलाय. त्यामुळे भांडण वाढत असेल का? आणि परळच्या बाई साकरबाई प्राण्यांच्या हॉस्पिटलपर्यंत न जाता ऐरोली-ठाण्याकडे असे लहान प्राणी बघणारे डॉक्टर कोणी आहेत का?

प्रतिसाद:
ताई, रक्त आलंय तर आधी जखम दाखवा, एकत्र ठेवायचं नंतर बघू. मजल्यांचा पिंजरा तूर्त बाजूला ठेवा, प्रत्येक मजला त्यांच्यासाठी वेगळा इलाका होतो. हार्डवेअरवाल्याकडून बारीक लोखंडी जाळी घ्या आणि काचेच्या टाकीत दुहेरी लावा, मधे बोटभर फट ठेवून. एकेरी असली तर जाळीतून नाक चावतात. दिवसातून तीन-चार वेळा दोघींच्या जागा बदला, म्हणजे एकीच्या वासात दुसरी झोपेल. मधे पूर्ण सफाई करू नका, वास गेला की सगळं पहिल्यापासून. आठवडाभराने जाळीला लागून शेजारी-शेजारी झोपू लागल्या, तरच अगदी छोट्या जागेत एकत्र सोडा आणि समोरून हलू नका.

पण खरं सांगू? मोठ्या माद्या जुळणं फार कठीण. पुन्हा चेंडू झाला तर दोन पिंजरे करा, शेजारी ठेवू नका, वासाने दोघी ताणात राहतात. डॉक्टरांचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.