ओसाकाहून जवळचा समुद्र हवा असेल तर शिराहामा

ओसाकाहून दोन दिवसांत होईल असा किनारा कुणी विचारला की सगळे दूरचं ओकिनावा बेटच सुचवतात. त्यापेक्षा वाकायामा प्रांतातलं शिराहामा हे समुद्रकाठचं गाव बघा. शिन-ओसाकाहून ‘कुरोशिओ’ एक्स्प्रेसने साधारण अडीच तास.

तिथल्या शिराराहामा किनाऱ्याची वाळू खरंच पांढरीशुभ्र आहे. मूळची वाळू झिजत गेल्यामुळे ऑस्ट्रेलियातून आणून भर घातली. हिवाळ्यात वाऱ्याने उडू नये म्हणून जाळ्या लावतात. पोहायचं असेल तर जुलै-ऑगस्टच गाठा.

पण माझं मन अडकलंय साकी-नो-यू मध्ये. खडकातलं उघडं गरम कुंड, आणि दोन हातांवर प्रशांत महासागर! लाट आपटली की खारे तुषार थेट तोंडावर येतात आणि अंग मात्र गळ्यापर्यंत ऊन पाण्यात. पुरुष-बायकांची सोय वेगळी आहे. समुद्र खवळला की बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी कराच.

सान्दानबेकीच्या कड्याखालच्या गुहेत लिफ्टने उतरता येतं. सेन्जोजिकीचे थराथरांचे खडकही जवळच. संध्याकाळ मात्र एन्गेत्सू बेटासाठी राखून ठेवा, मधोमध आरपार भोक असलेलं ते बेट मावळतीला फार सुंदर दिसतं. पांडांसाठी जाणार असाल तर थांबा: शिराहामाच्या ‘ॲडव्हेंचर वर्ल्ड’ पार्कमधले चारही पांडा जून 2025 मध्ये चीनला परत गेले.