मदत हवी आहे: एमआरआयच्या तारखा मागेपुढे, मग मिक्स्ड मॉडेलमध्ये काळ कसा धरायचा?

मंडळी, इथे संख्याशास्त्रातले आणि 'आर' ही आकडेमोडीची संगणकभाषा कोळून प्यायलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतेय.

अल्झायमरवर अमेरिकेत 2004 साली सुरू झालेल्या 'अ‍ॅडनी' प्रकल्पाचा डेटा वापरतेय. सौम्य स्मृतिदोष असलेल्यांचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला स्मृतीशी निगडित भाग) निरोगी लोकांपेक्षा वेगाने आक्रसतो का, एवढंच बघायचंय. आकारमानं फ्रीसर्फर या मेंदूचे स्कॅन मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या लाँगिट्यूडिनल (एकाच माणसाचे वेगवेगळ्या वेळचे स्कॅन एकत्र बघणाऱ्या) पद्धतीने काढलीत. ज्यांचा एकच स्कॅन आहे तेही त्याच चाळणीतून गेलेत.

घोडं अडलंय ते काळापाशी. कागदावर भेटी 0, 6, 12, 24 अशा ठरावीक महिन्यांच्या, आणि पुढेही. पण 'एम12' शिक्क्याचा स्कॅन कुणाचा अकराव्या महिन्यात, तर कुणाचा चौदाव्या. कुणाचे सहा स्कॅन, कुणाचे दोनच. सर म्हणतात, "रिपीटेड मेझर्स अनोव्हा लाव की!" (त्याच माणसांच्या ठरावीक वेळच्या मोजमापांची तुलना.) पण त्यात एक भेट चुकली की अख्खा माणूसच बाद. म्हणून शिक्के सोडून स्कॅनच्या खऱ्या तारखांवरून वर्षं काढली आणि 'आर'च्या एलएमई4 पॅकेजमध्ये हे मिक्स्ड मॉडेल (गटाचा सरासरी कल आणि प्रत्येक व्यक्तीचा वेगळा कल एकत्र मांडणारं) बसवलं:

आकारमान ~ वर्षं * गट + पहिल्या स्कॅनचं वय + लिंग + कवटीचं आकारमान + (वर्षं | व्यक्ती)

तर 'सिंग्युलर फिट'चा इशारा, म्हणजे डेटाच्या मानाने मॉडेल जास्तच गुंतागुंतीचं! रँडम स्लोप (प्रत्येकाच्या घटीचा वेगळा वेग) काढला की इशारा जातो, पण मग गटातल्या सगळ्यांची घट एकाच वेगाने होते असं धरावं लागतं आणि स्टँडर्ड एरर (अंदाजातली अनिश्चितता) फसव्या लहान येतात. ते मला पटत नाही. (वर्षं || व्यक्ती) करून इंटरसेप्ट (काळ शून्य असतानाचं आकारमान) आणि स्लोपचा सहसंबंध शून्य धरता येईल, पण मग काळाचं शून्य कुठे ठेवलं यावर उत्तर बदलतं. पहिल्या स्कॅनवर ठेवू की मधल्या काळावर?

एनएलएमई या दुसऱ्या पॅकेजमधलं कॉरकार1 (जवळच्या तारखांच्या मोजमापांमधला संबंध जास्त धरणारी रचना) स्कॅनमधली असमान अंतरं हाताळतं हे माहीत आहे. पण दोन-तीन स्कॅनच्या माणसात रँडम स्लोप आणि ते, दोन्हींचा अंदाज निघेल का?

खरी धास्ती गळतीची. ज्यांची तब्येत ढासळते तेच यायचे थांबतात. गळती आधी नोंदलेल्या मोजमापांवरून कळत असेल तर मॉडेल सांभाळून घेतं, पण न नोंदलेल्या घसरणीमुळे असेल तर घट कमीच दिसणार. जॉइंट मॉडेल (मोजमापं आणि गळती एकत्र मांडणारं) कुणी प्रत्यक्ष चालवलंय का?

शिवाय काहींचे आधीचे स्कॅन 1.5 टेस्लाच्या मशीनवरचे, नंतरचे 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं एकक). मशीन आणि काळ एकमेकांत गुंतलेत. सध्या अशी माणसं वगळलीत. कुणाकडे याहून बरा उपाय असेल तर सांगा.