साखर आटोक्यात असली तरी काचबिंदू तपासा

मधुमेह असलेल्या कुणीतरी विचारलंय, साखर आटोक्यात असेल तर काचबिंदूची, म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून डोळ्याची नस खराब होत जाण्याच्या आजाराची, भीती कशाला? भीती कमी होते, पण संपत नाही. मधुमेहींमध्ये काचबिंदूचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. त्यातला एक प्रकार तर थेट मधुमेहातूनच येतो. डोळ्याच्या आतल्या पडद्याला रक्तपुरवठा अपुरा पडला की डोळ्यात नव्या, नाजूक रक्तवाहिन्या उगवतात. त्या बुबुळाच्या कडेला पसरून डोळ्यातलं पाणी बाहेर जाण्याची वाट बुजवतात आणि दाब झपाट्याने चढतो. हा प्रकार फार त्रासदायक असतो, डोळा ठणकतो. नेहमीचा काचबिंदू मात्र दुखत नाही, म्हणूनच मला तो जास्त घातक वाटतो.

माझ्या आईला वाटायचं, चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासून झाले. तसं नाही हो! बाहुली मोठी करून पडदा आणि नस बघायला सांगा, दाबही मोजून घ्या. दाब १० ते २१ (मिमी पारा), म्हणजे साधारण ठीक असला तरी नस खराब होऊ शकते. टाइप २ मधुमेह असलेल्यांनी निदान झाल्याबरोबर ही तपासणी करावी, पुढे दरवर्षी. आणि स्टिरॉइडचे थेंब मनाने घालू नका, त्यांनी दाब वाढू शकतो. मोतीबिंदूत गेलेली नजर ऑपरेशनने सहसा परत येते, काचबिंदूतली परत येत नाही.