रँचवरच्या नवरा-बायकोचे जुने कागद : यात बायको सापडते का कुठे?

माळरान_७७ :
मंडळी, एक विचारायचंय, जरा लांबेल, सांभाळून घ्या. मी टेक्सासच्या पॅनहँडलमध्ये, म्हणजे राज्याच्या उत्तर टोकाच्या भागात राहते. ॲमरिलोहून पूर्वेला पाऊणेक तासावर गुडनाइट नावाचं छोटं गाव आहे, तिथे जुने रँचवाले चार्ल्स गुडनाइट आणि त्यांची बायको मेरी ॲन, म्हणजे सगळ्यांची मॉली, यांचं १८८७ सालचं घर नीट दुरुस्त करून ठेवलंय. ते बघून आले आणि तेव्हापासून मॉली डोक्यातून जातच नाहीये. नवऱ्याची माहिती ढीगभर मिळते, १८६६ ची गुडनाइट-लव्हिंग ट्रेल (गुरं हाकत न्यायची वाट), चकवॅगन (काउबॉयांच्या स्वयंपाकाची गाडी), पॅलो ड्युरो कॅनयन या खोल दरीतली जेए रँच, सगळं. आणि मॉली? शाळेत शिकवायची, १८७० मध्ये लग्न झालं, १८७७ ला त्या कॅनयनमध्ये राहायला आली, बायकामाणसाशी बोलायचं तर शेजारीण पंचाहत्तर मैलांवर! कुणा काउबॉयने पोत्यात घालून तीन कोंबड्या आणून दिल्या तर तिने त्या खाल्ल्या नाहीत, पाळल्या, कारण त्यांच्याशी बोलता यायचं. ही गोष्ट प्रत्येक ठिकाणी असते, पण ती तिने स्वतः लिहिलेल्या कुठल्या कागदावर आहे का हे मला काही सापडेना.
तर प्रश्न असा की अशा जोडप्यांचे खाजगी कागद, पत्रं, वह्या, हिशेब, हे वाचायला सुरुवात कुठून करायची? मी इतिहासवाली नाही, नोकरी आयटीतली. आणि बायकोचा आवाज त्यात असतो का, की तो नवऱ्याच्याच पुस्तकातून ऐकायचा?

खोका_क्र_१२ :
चांगला प्रश्न, आणि आयटीवाली असलीस म्हणून काही बिघडत नाही, मीही लायब्ररीत आलो ते दुसऱ्याच लाइनीतून. अर्काइव्हमध्ये काम करतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो.
पहिली गोष्ट, पुस्तकं शोधतो तसं हे शोधायचं नाही. प्रत्येक संग्रहाची एक फाइंडिंग एड असते, म्हणजे कुठल्या खोक्यात कुठलं फोल्डर आणि त्यात साधारण काय आहे याची यादी, ती आधी शांतपणे वाचायची. चार्ल्स गुडनाइटचे कागद कॅनयन गावातल्या पॅनहँडल-प्लेन्स हिस्टॉरिकल म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्यांचे चरित्रकार हेली यांनी १९२५ पासून त्यांच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्या कामाचे कागद बघायला मिडलँडच्या हेली लायब्ररीतही विचारून बघ. जायच्या आधी ईमेल करायचाच, कागद काढून ठेवायला वेळ लागतो आणि कधीकधी वाचनकक्ष बंदही असतो.
दुसरी गोष्ट, नवीन माणूस हमखास इथे अडकतो. माणसाने लिहिलेली पत्रं त्याच्या स्वतःच्या खोक्यात नसतात! ती असतात ज्याला लिहिली त्याच्याकडे. गुडनाइटच्या खोक्यात जास्त करून त्यांना *आलेली* पत्रं मिळणार. मॉलीचं अक्षर हवं असेल तर तिच्या माहेरच्यांकडे शोध, तिचा भाऊ ली डायर त्याच रँचवर काम करायचा, शिवाय रँचमधले भागीदार अडेअर कुटुंब, आणि १८९८ मध्ये या जोडप्याने काढलेलं गुडनाइट कॉलेज, या सगळ्या दिशांनी जा. आणि सर्च करताना नुसतं 'मॉली' टाकून भागत नाही, 'मिसेस चार्ल्स गुडनाइट', 'मिसेस सी. गुडनाइट', लग्नाआधीचं 'डायर', सगळं टाक. जुन्या सूच्यांमध्ये बायकांची स्वतःची नावंच नाहीत गं, याचा मला दर वेळी त्रास होतो.
आता यातली खरी गोष्ट. गुडनाइट शाळेत गेले जेमतेम सहा महिने, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं असंच सांगतात, पत्रं बायकोकडून लिहून घ्यायचे. म्हणजे त्यांच्या सहीचं पत्र मॉलीच्या हयातीतलं असेल तर आधी अक्षर बघ. शब्द त्यांचे असतील, पण वाक्य कुठे तोडलं, स्पेलिंग काय केलं, शेवटी नमस्कार कसा घातला, हे लिहिणाऱ्याचं. मॉली १९२६ मध्ये गेली, ते १९२९ मध्ये. मधे १९२७ ला, आपल्या एक्क्याण्णवाव्या वाढदिवशी, त्यांनी कोरिन या तरुण टेलिग्राफ ऑपरेटरशी लग्न केलं, तिचंही आडनाव योगायोगाने गुडनाइटच. तेव्हा शेवटच्या वर्षांतल्या पत्रांवर तिचा हात असू शकतो. तारीख आणि अक्षर शेजारी ठेवून वाच.
बाकी बारीकसारीक : पेन नेऊ नकोस, पेन्सिलच चालते. फोनने फोटो काढू देतात बहुतेक ठिकाणी, फ्लॅश बंद. एका वेळी एकच फोल्डर, पानांचा क्रम हलवायचा नाही. काही पत्रांत कागद वाचवायला आडवं लिहून झाल्यावर तोच कागद वळवून उभं लिहिलेलं असतं, बघून घाबरू नकोस, अर्ध्या तासात डोळा बसतो.

गवतफूल :
वरचं सगळं बरोबरच, पण माळरान, तू आधी एकदा मोंटानाकडे बघ असं मी म्हणेन, कारण तिथे उलटं झालंय आणि ते बघून तुझा उत्साह वाढेल!! एव्हलिन आणि यूअन कॅमेरॉन. ती इंग्लंडमधल्या खात्यापित्या घरातली, तो स्कॉटिश, १८८९ मध्ये शिकारीसाठी पहिल्यांदा आले आणि मग पूर्व मोंटानात टेरी गावाजवळ रँच थाटली. पोलोचे घोडे वाढवून इंग्लंडला विकायचे असा बेत होता, तो साफ फसला. मग हिने पैसे उभे करायला घरात भाडेकरू ठेवले, भाजी पिकवून विकली, आणि १८९४ मध्ये कॅमेरा घेऊन फोटो काढायला शिकली, काचेच्या प्लेटवर.
तिच्या १८९३ ते १९२८ अशा पस्तीस डायऱ्या आहेत, हेलेनाला मोंटाना हिस्टॉरिकल सोसायटीत. पस्तीस! आणि डायरीत मनातली घालमेल असेल असं समजून जाऊ नकोस. सकाळी किती वाजता उठलो, हवा कशी, किती गाईंचं दूध काढलं, काय भाजलं, किती कपडे धुतले, कुणाचं पत्र आलं, असंच पानामागून पान. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कंटाळले हे कबूल करते, पण मग लक्षात आलं की हीच तर तिची बाजू, दिवसभर कोण काय राबलं ते कुणीतरी रोज लिहून ठेवलंय, आणि त्याच दिवसांत नवरा पक्ष्यांची निरीक्षणं करतोय, त्याचे लेख 'द ऑक' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापून येतायत, त्यातले फोटो हिने काढलेले. नवऱ्याचा छापील लेख आणि बायकोची डायरी शेजारी ठेवली की एका घराचा अख्खा दिवस उभा राहतो. तो १९१५ मध्ये वारला, ही परत गेली नाही, १९२८ पर्यंत एकटीने रँच चालवली.
आणि हे कागद टिकले कसे माहितीये? तिच्या मैत्रिणीकडे घराच्या तळघरात पडून होते, डायऱ्या आणि काचेच्या प्लेटा, सत्तरच्या दशकाच्या शेवटी एक संशोधक बाई तिथे पोचल्या तेव्हा जगाला कळलं. मैत्रिणीने पन्नास वर्षं काही टाकलं नाही म्हणून. मला हे लिहितानाही भरून येतं.

जुनाजाणता :
हिशेबाच्या वह्यांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. जोडप्यांच्या कागदांत टॅली बुक (गुरं मोजून टिपायची वही) आणि करार हमखास असतात, लोक ते बाजूला सारतात. सारू नका. उदा. अडेअर आणि गुडनाइट यांचा १८७७ चा करार, भांडवल अडेअरचं, गुडनाइटला वर्षाला २,५०० डॉलर पगार आणि शेवटी एक तृतीयांश हिस्सा. हे कळल्याशिवाय पुढच्या पत्रांतली ओढाताण कळत नाही.
मात्र वहीतल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास नको. त्या काळात बरेच व्यवहार 'बुक काउंट'वर व्हायचे, म्हणजे वहीत जितकी गुरं तितकी आहेत असं धरायचं, मोजायला माळावर कोण जाणार. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडे गुरं पटापट मेली आणि वसंतात राउंडअपला, म्हणजे माळावरची गुरं गोळा करताना, मोजली तेव्हा वही आणि माळ यातला फरक उघडा पडला. म्हणून त्या हिवाळ्याच्या आसपासची पत्रं असतील तर वहीच्या आधी पत्रं वाचा.

तळ्याकाठी :
एक गोष्ट राहतेय आणि ती राहू नये असं मला मनापासून वाटतं. ज्या कॅनयनमध्ये गुडनाइट १८७६ ला १,६०० गुरं घेऊन उतरले तिथे फक्त दोन वर्षं आधी, २८ सप्टेंबर १८७४ ला, कर्नल मॅकेन्झीच्या सैन्याने कोमांची, कायोवा आणि शायान लोकांच्या छावण्यांवर हल्ला केला, आणि पकडलेल्या घोड्यांतले हजाराहून जास्त गोळ्या घालून मारले, म्हणजे त्या लोकांना परत माळावर राहताच येऊ नये. रँच 'रिकाम्या' जागेवर उभी राहिली असं कागद वाचून वाटतं ते म्हणूनच.
गंमत नाही, पण योगायोग बघा, अडेअरची बायको कॉर्नेलिया हिची डायरी आहे, ३० ऑगस्ट ते ५ नोव्हेंबर १८७४, उत्तरेकडच्या माळावर शिकारीला गेल्याची, पुढे १९१८ मध्ये छापली. नेमका तोच हंगाम! एकीकडे ती डायरी, दुसरीकडे तेच दिवस पॅलो ड्युरोत. माळरान, तू दोन्ही तारखा एका पानावर लिहून मग वाच. आणि १८७८ मध्ये कोमांची पुढारी क्वाना पार्कर आपल्या लोकांना घेऊन शिकारीला आला, बायसन उरलेच नव्हते, तेव्हा गुडनाइटने दिवसाआड दोन गुरं द्यायचं ठरवलं, तोही प्रसंग याला जोडून वाच.

माळरान_७७ :
बाप रे, किती दिलंत तुम्ही सगळ्यांनी! तळ्याकाठी, १८७४ चं मला खरंच माहीत नव्हतं, आणि मी त्या कॅनयनमध्ये तीनदा ट्रेकिंग करून आलेय, आता परत जाईन तेव्हा वेगळं वाटेल.
बायसन म्हटल्यावर आठवलं. त्याच १८७८ च्या सुमाराला मॉलीने पोरकी बायसन वासरं वाचवून पाळायला लावली, त्यांचाच वंश आज कॅपरॉक कॅनयन्स स्टेट पार्कमध्ये फिरतोय, १९९७ मध्ये जेए रँचने तो कळप राज्याला दिला. मी त्यांना रस्ता ओलांडताना गाडी थांबवून बघितलंय. तिची वही मिळो न मिळो, हे तर डोळ्यांसमोर चरतंय.
खोका दादा, तुमचं अक्षराचं म्हणणं डोक्यात पक्कं बसलंय. आधी ईमेल टाकते, मग ली डायरच्या नावाने शोधते. तोवर जुनं कर्सिव्ह वाचायची प्रॅक्टिस कशावर करू? गवतफूल, एव्हलिनच्या डायरीचं अक्षर सोपं आहे का?

गवतफूल :
बारीक आहे आणि ओळी अगदी दाटीने, पण रोजचे शब्द तेच तेच येतात, दूध, ब्रेड, घोडा, वारा. त्यामुळे दोन आठवड्यांत हात बसतो. तिथूनच सुरू कर.