मोहफूल, दारू आणि वणवा: ग्रामसभेत हा एकच विषय की दोन?

प्रश्न (धानोरा तालुक्यातून)

नमस्कार. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातील एका लहान गोंड गावात मी राहतो आणि दोन वर्षांपासून आमच्या ग्रामसभेच्या वन व्यवस्थापन समितीची लिखापढी माझ्याकडे आहे. सामूहिक वनहक्क मिळाल्यापासून जंगलाची राखण गावच करते. रोज दोन घरांतून एकेक माणूस पाळीने गस्तीला जातो. गेल्या एप्रिलमध्ये एका मोहाखाली पेटवलेला पातेरा (वाळका पाला) वाऱ्याने पसरला. ज्या दोघांची त्या दिवशी पाळी होती ते दुपारपासूनच पिऊन पडलेले असल्यामुळे आग कळायला संध्याकाळ झाली आणि तोवर बांबूची कोवळी बेटे गेली होती.

सभेत मी हे मांडू लागलो तेव्हा एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला थांबवले. आज जंगलाची सभा आहे, दारूचे नंतर बघू, असे ते म्हणाले. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी मोहाची दारू निघतेच. शिवाय पेनापुढे, म्हणजे आमच्या गोंडी देवापुढे, तिचे दोन थेंब सांडल्याशिवाय आमच्याकडे कार्य होत नाही, त्यामुळे दारूचा विषय निघाला की आपल्या देवावरच कोणी बोट ठेवतो आहे असे लोकांना वाटते. हे विषय वेगळे ठेवावेत की एकत्र मांडावेत? अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ (कोरची तालुक्यातून, महिला बचत गट)

भाऊ, आगीचे कारण तुम्ही एका ओळीत सांगून पुढे गेलात, खरी गोष्ट तिथेच आहे. मोहफूल पहाटे गळते. ते पातेऱ्यात पडले की हाती लागत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून जागा काळी करतात. त्या काळ्या जागेवर फिकट पिवळे फूल लांबूनही दिसते. पेटवणाऱ्या बहुधा आम्ही बायाच असतो, हे कबूल करते. त्या आगीत चारोळीची, तेंदूची आणि खुद्द मोहाची रोपे जातात. आमच्या जंगलातले मोह सगळे आज्याच्या काळातले आहेत. अंगठ्याएवढ्या जाडीचे झाड शोधूनही सापडत नाही.

तीन वर्षांपूर्वी आम्ही गटात ठरवले की पाला जाळायचा नाही, खराट्याने झाडून बाजूला करायचा आणि झाडाखाली जुनी लुगडी अंथरायची. फुलाला माती आणि राख लागत नाही, त्यामुळे व्यापारी भाव थोडा बरा देतो. त्या बैठकीत दारूचे आम्ही नावही काढले नव्हते. पण फुलाला पैसे येऊ लागल्यावर ते सडव्यात, म्हणजे दारूसाठी आंबवायला, घालायला बायाच नको म्हणू लागल्या. पुरुषांनी सडव्याची मडकी नाल्याकाठी पुरून ठेवली, आम्ही ती उकरून पालथी केली आणि दोन महिने घरात अबोला राहिला, हेही सांगितले पाहिजे.

उत्तर २ (गडचिरोली, ग्रामसभांबरोबर काम करणारा)

वेगळे ठेवू नका, असे माझे मत आहे. १९९६ च्या पेसा कायद्याच्या, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, ज्या कलमात गौण वनोपजाची (बांबू, तेंदू, मोहफूल वगैरेंची) मालकी ग्रामसभेकडे येते, त्याच कलमात मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचा किंवा त्यांचे नियमन करण्याचा, तसेच आदिवासींची जमीन परक्याच्या हाती जाऊ न देण्याचा अधिकार आहे. रोखणे आणि नियमन हे दोन्ही शब्द तिथे आहेत. म्हणजे पेनापुढचे दोन थेंब आणि विक्रीसाठी गाळली जाणारी दारू यांत फरक करण्याची मुभा तुमच्या सभेला आहे.

तुमच्याच तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. लोक तिथे जातात ते बांबूचा हिशेब बघायला. मला मात्र त्यांचा अभ्यासगट जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यायचा आणि सहमती होईपर्यंत विषय अभ्यासगटात घोळवत ठेवायचा, ही तिथली रीत आहे. दारूच्या बाबतीत बहुमताचा उपयोग नाही. सभेत हरलेली बाजू दुसऱ्याच दिवशी जंगलात भट्टी लावते.

उत्तर ३ (नगर जिल्ह्यातून)

आमच्या जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने १९८९ नंतर जे उभे केले, त्यात नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पाचही सूत्रे एकत्रच होती. डोंगरावर चर खोदायला माणूस शुद्धीवर लागतो, इतके ते साधे आहे. सरळ ठराव करून दंड लावा. आडव्या बाटलीचे मतदानही आहेच. गावातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिला की दारूचे दुकान बंद होते.

उत्तर ४ (कोरची तालुक्यातून)

दादा, बाटली आडवी होते ती परवान्याच्या दुकानातली. आमच्या जिल्ह्यात परवानाच नाही, मग आडवे काय करायचे? आणि बंदी हा शब्द आमच्या गावांत जपून वापरावा लागतो, कारण जंगलात कुऱ्हाड घेऊन गेल्याबद्दल दंड भरलेली माणसे अजून हयात आहेत. दारूवर बोलणारे पुढारी सभेत खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) घोटत बसतात, त्यावर कोणी बोलत नाही. धानाच्या बांधीत चिखलणी करताना खर्र्याच्या पन्न्या पायाला लागतात आणि धुऱ्यावर चरणारी जनावरे त्या खातात. जमिनीचे बोलायचे तर खर्र्याचेही त्याच सभेत निघू द्या.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पुढच्या सभेत दारूचा ठराव न मांडता गस्तीची वही मांडावी, असे ठरवतो आहे. पाळीच्या दिवशी जो प्यायलेला असेल त्याची पाळी त्याच्या घरातल्या बाईच्या नावे लिहावी आणि ते सभेत वाचून दाखवावे, ही सूचना माझ्या आईची आहे. ती म्हणते की मोहाला पहाटे आम्ही जातोच, मग राखणही आमच्याच नावावर चढू दे. खर्र्याबद्दल मात्र मी कोणत्या तोंडाने बोलू, कारण माझ्याही खिशात पन्नी असते.

ताई, एका मोठ्या मोहाखाली साधारण किती लुगडी लागतात?