डॅफोडिलच्या शेजारी होस्टा लावून बघा

डॅफोडिल (वसंतात फुलणारं कंदाचं फुलझाड) फुलून गेल्यावर त्याची पिवळी पडणारी पानं वाफ्यात अगदी बेंगरूळ दिसतात, हे खरंच. पण ती कापू नका, निदान सहा आठवडे तरी. पुढच्या वर्षीच्या फुलांसाठी कंद त्यांच्याच जोरावर अन्न साठवतो. त्यापेक्षा मध्ये मध्ये होस्टा लावा, म्हणजे सावलीत वाढणारं रुंद पानांचं झाड. डॅफोडिलचा बहर ओसरता ओसरता होस्टाचे गुंडाळलेले टोकदार कोंब मातीतून वर येतात आणि पानं उलगडली की खालचा सगळा पसारा झाकला जातो.

मी यंदा निळसर पानांचा होस्टा आणलाय, शेजारी जांभळा ह्यूकेरा (हेही रंगीत पानांसाठीच लावतात). अर्धवट सावलीत जोडी झकास दिसते! गोगलगायींनाही होस्टा भारी आवडतो म्हणा, रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात. ट्युलिपखाली फर्गेट-मी-नॉट हे इवल्या निळ्या फुलांचं रोपही छानच, फक्त ते बी सांडून वाट्टेल तिथे उगवतं.