पुरात बुडालेलं मेन पॅनेल अजून चालू आहे, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बायपास केलाय. सुरुवात कुठून करू?

गाळा_१४ (चिपळूण)

नमस्कार मंडळी. बाजारपेठेत आमचं व्यापारी संकुल आहे, तळमजला आणि पहिला मजला धरून २२ गाळे. माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. यंदा सेक्रेटरीपद कुणीच घेईना, ते माझ्या गळ्यात पडलं आणि त्याबरोबर मीटर रूमची किल्लीही आली.

मीटर रूम जिन्याखाली आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिवनदीचं पाणी शिरलं तेव्हा ती छतापर्यंत भरली होती. पाणी उतरल्यावर गाळ उपसला, प्रेशर पंपाने धुतलं, हॅलोजन लावून वाळवलं आणि लाइट चालू केली. मीटर तेवढे नवे आले. मेन एमसीसीबी (मोठा ब्रेकर), बसबार (वीज वाटणाऱ्या धातूच्या पट्ट्या), जिना-पंप-सीसीटीव्हीची कॉमन डीबी (वितरण पेटी), सगळं तेच जुनं.

आता अवस्था अशी: पहिला पाऊस पडला की कॉमन डीबीचा आरसीसीबी उडतो. मागच्या पावसाळ्यात कुणीतरी त्याच्या वरच्या-खालच्या वायरी थेट जोडून टाकल्यात. मेनला निळ्या फेजच्या लगची (केबलच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या तुकड्याची) स्लीव्ह तपकिरी पडलीय, संध्याकाळी सगळी दुकानं चालू असली की दार उघडताच वास येतो. आत मिठाईवाल्यांचे खोके आणि गणपतीच्या मंडपाच्या कनाती.

एका ठेकेदाराने नव्या पॅनेलचं कोटेशन दिलंय सव्वाचार लाखांचं. दुसरा म्हणतो, बारा हजारांत सर्टिफिकेट देतो, विम्याला चालेल. सभासद म्हणतात इतकी वर्षं चाललंय ना. कायद्याने काय बंधन आहे? आणि पॅनेल वर हलवता येईल का?

भाजीमंडई_कॉर्नर

सेक्रेटरी झालात म्हणून एवढं मनावर घेऊ नका. आमच्याकडे १९९२ चं किटकॅट फ्यूजचं बोर्ड आहे, काही होत नाही. हा सगळा ठेकेदारांचा धंदा.

कातळावरचा_ठेकेदार (रत्नागिरी)

मी त्याच धंद्यातला, त्यामुळे वरच्या भाऊंनी मला धरूनच टाका. तुमच्या किटकॅटबद्दल एवढंच, की त्यात फ्यूज वायर किती अँपिअरची भरलीय ते बघून सांगा. बहुतेक जागी जाड तांब्याची तार सापडते.

सेक्रेटरीसाहेब, कायद्याचं मागाहून. आधी आजचं बघा.

तपकिरी स्लीव्ह म्हणजे तिथला जोड सैल झालाय किंवा आतून गंजलाय. जोडाचा रोध नुसता ५ मिलिओहम झाला आणि संध्याकाळी त्यातून १०० अँपिअर गेले, तर त्या एका लगमध्ये ५० वॅट उष्णता तयार होते. तेवढ्या वॅटची सोल्डरिंग आयर्न शिसं वितळवते. एमसीसीबीला यातलं काहीच कळत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. 'ब्रेकर आहे की' हे उत्तर म्हणूनच इथे लागू पडत नाही. उपाय नट आवळण्याचा नाही. सप्लाय बंद करून, टेस्टरने नव्हे मीटरने खात्री करून, जळका भाग कापायचा आणि नवा लग क्रिम्प करायचा. इनकमिंग केबल अॅल्युमिनियमची आणि बसबार तांब्याचा असेल तर बायमेटल लगच घ्या. साध्या लगने तिथे पुन्हा गंज धरतो, आपल्या हवेत तर लवकरच. मेन स्विचच्या अलीकडे वीज कंपनीचं सील असेल तर त्याला हात लावायचा नाही, त्यांच्याकडून बंद करून घ्यायचं.

तिथेच असताना न्यूट्रलचा जोड हलवून बघायला सांगा. लोक फेज तपासतात आणि न्यूट्रल विसरतात. थ्री फेजचा न्यूट्रल सुटला की सिंगल फेज गाळ्यांना २३० च्या जागी काय मिळेल ते शेजारच्याच्या लोडवर ठरतं. कुणाकडे १५० येतात आणि कुणाकडे ३५० च्या वर जातात. ज्याच्याकडे लोड कमी त्याचा टीव्ही, बिलिंग मशीन, फ्रीजचं कार्ड आधी जातं. कुणाच्या दुकानात ट्यूब मध्येच मंद आणि मध्येच लख्ख होते का, एवढं विचारून ठेवा.

आता बायपास. तो आजच्या आज काढा. आरसीसीबी आत जाणारा आणि परत येणारा करंट जुळवून बघतो, फरक पडला की सुटतो. ३० मिलिअँपिअरचा असेल तर १५ च्या खाली सुटू नये आणि ३० ला सुटलाच पाहिजे. पावसात तो उडतो म्हणजे करंट भलतीकडून जमिनीत जातोय. तो रस्ता एखाद्याच्या अंगातूनही जाऊ शकतो, आणि जिन्याच्या लोखंडी कठड्याला रोज शंभर लोक हात लावतात.

गळती शोधायला सगळं खोलावं लागत नाही. लीकेज क्लॅम्प मीटर घेऊन फेज आणि न्यूट्रल सगळे मिळून एकाच जबड्यात धरायचे. येणाऱ्या-जाणाऱ्या करंटची वजाबाकी होऊन नुसती गळती मिलिअँपिअरमध्ये दिसते. मग एकेक एमसीबी (त्या-त्या सर्किटचा छोटा ब्रेकर) पाडत जायचं. आकडा झपकन खाली येईल ते सर्किट तुमचं. नंतर त्या सर्किटला ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन तपासणारं मीटर. त्याआधी सीसीटीव्ही, एलईडी ड्रायव्हर, सर्ज प्रोटेक्टर सोडवून ठेवायचे, नाहीतर मेगरच त्यांना मारेल. १ मेगओहमच्या खाली वाचन आलं तर ती वायरिंग मला चालत नाही.

राहिलं बुडालेलं सामान. पत्र्याची पेटी धुऊन रंगवता येते, बसबार साफ करता येतात, पीव्हीसी केबल टोकं कापून मेगरला टिकली तर ठेवता येते. पण एमसीबी, एमसीसीबी, आरसीसीबी, कॉन्टॅक्टर हे बुडाले की फेकायचे, वाळवायचे नाहीत. आत स्प्रिंग, ट्रिपची यंत्रणा, आर्क विझवणाऱ्या पट्ट्या असतात. वाशिष्ठीचा गाळ पिठासारखा बारीक, तो तिथे बसतो. बाहेरून ब्रेकर ठणठणीत दिसतो, वर-खालीही होतो. शॉर्ट सर्किट झाल्यावर तो सुटेल की नाही हे मात्र शॉर्ट सर्किट झाल्यावरच कळतं. तुमच्या सभासदांनी इतकी वर्षं जे 'चालताना' पाहिलं तो नुसता करंट जाणं आहे. ब्रेकरचं खरं काम त्या दिवसानंतर एकदाही पडलेलं नसेल.

म्हणून सव्वाचार लाखांवर लगेच सही करू नका आणि बारा हजारांच्या कागदावर तर अजिबात नको. त्या दुसऱ्याला एकच विचारा: सर्टिफिकेटवर कुठल्या सर्किटचं मेगर वाचन, कुठल्या पिटचं (अर्थिंगच्या खड्ड्याचं) अर्थ वाचन, आरसीसीबी किती मिलिसेकंदात सुटला, हे लिहून देणार का? खाली परवाना क्रमांक, पर्यवेक्षकाची सही, तारीख? उत्तर ऐकून काय ते ठरवा.

नाइटशिफ्ट_वायरमन

दादांनी सगळं सांगितलंय, मी माझं एक घालतो. कॉमन डीबीत आरसीसीबी कारण नसताना उडतोय असं वाटलं तर न्यूट्रल कुणी उसना घेतलाय का बघा. जिन्याची लाइट किंवा बाहेरची ग्लो साइन, फेज कॉमनचा आणि न्यूट्रल जवळच्या गाळ्यातला, हे मी फार ठिकाणी बघितलंय. वायर वाचवायला करतात.

आणि जनरेटर आहे का? असला तर चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) चार पोलचा पाहिजे, न्यूट्रलही तुटला पाहिजे. काही दुकानदार लाइट गेली की छोटा जनरेटर सरळ प्लगातून उलटा घालतात. मेन पाडायचं राहिलं तर करंट लाइनवर जातो आणि खांबावर आमच्यासारखा कुणीतरी चढलेला असतो.

विमा_सर्व्हेअर_सांगली

२०१९ आणि २०२१, दोन्ही पुरांनंतरचे दावे पाहिलेत. आगीचा दावा आला की आम्ही पॅनेलच्या राखेचेही फोटो काढतो. बायपासची तार राखेतही ओळखू येते. पॉलिसीत वाजवी काळजी घेण्याची अट असते आणि वाद नेमका तिथे सुरू होतो. आकडे नसलेलं प्रमाणपत्र असूनही फार उपयोग होत नाही. असोसिएशनच्या ठरावाची नक्कल, तपासणीचा अहवाल, दुरुस्तीची बिलं एका फाइलीत ठेवा.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याखाली जानेवारी आणि जुलैत परवानाप्राप्त संस्थेचं ब नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते तुमचं चालू आहे का? जिन्याखालचे खोके तिथेही अडचणीत आणतील.

गाळा_१४ (चिपळूण)

सगळ्यांचे आभार. खोके आणि कनाती आज बाहेर काढल्या, मिठाईवाले दोन दिवस बोलणार नाहीत. बायपास काढल्यावर आरसीसीबी लगेच उडाला, त्यामुळे जिन्यात अंधार आहे आणि मला शिव्या आहेत. उद्या क्लॅम्प मीटरवाला येतोय. ठेकेदारकाका, कायद्याचं आणि पॅनेल वर नेण्याचं राहिलं तेवढं सांगा.

कातळावरचा_ठेकेदार (रत्नागिरी)

जिन्यात तोवर बॅटरीचे दिवे लावा, पण पुन्हा तार टाकू देऊ नका.

कायदा थोडक्यात. विद्युत अधिनियम २००३ आणि त्याखालची केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०२३ ची सुरक्षा नियमावली. पुरवठा जिथे तुमच्या ताब्यात येतो तिथून पुढची वायरिंग ग्राहकाची, म्हणजे गाळ्यातली गाळेधारकाची आणि कॉमन असोसिएशनची. 'वीज कंपनीचं आहे' हे मीटरपुरतं. काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच, त्याच्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. गळतीसंरक्षण घरगुती जोडणीला ३० मिलिअँपिअर, इतरांना १०० पर्यंत चालतं. मी मात्र प्लग आणि पंपाला ३० च लावतो. नियतकालिक तपासणीत पाच वर्षांपेक्षा जास्त अंतर नको. धोक्याची पाटी मराठीतही हवी.

जागेचा नियम मला फार आवडतो. पॅनेलसमोर किमान १ मीटर मोकळी जागा. मागच्या बाजूला उघडे जोड असतील तर भिंतीपासून अंतर २० सेंटिमीटरपेक्षा कमी किंवा ७५ पेक्षा जास्त, मधलं नाही. वीसच्या आत माणूस शिरतच नाही, पंचाहत्तरच्या पुढे नीट उभा राहून काम करतो. मधल्या अंतरात शिरतो आणि अडकतो.

पॅनेल वर नेता येतं आणि तुमच्या गावात न्यायलाच हवं. मीटर महावितरणचे, त्यामुळे असोसिएशनचा अर्ज, ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट आणि त्यांच्या माणसासमोर सील. जागा २०२१ च्या पाण्याच्या खुणेच्या वर भरपूर अंतर सोडून निवडा, पण जिन्याच्या वाटेत नको. आग लागली तर लोक तिथूनच उतरणार. खालून वर अखंड केबल न्या, पाण्याच्या टप्प्यात एकही जोड नको. पंपाचा स्टार्टरही वर, तो नेहमी विसरतात. नवं पॅनेल घ्याल तेव्हा आयएस/आयईसी ६१४३९ प्रमाणे चाचणी केल्याचे कागद मागा. गल्लीत वेल्डिंग केलेल्या पेटीला रंग चांगला असतो, बाकी विचारू नका.

अर्थिंगचं वाचन आत्ता पावसात घेऊन खूश होऊ नका. ओल्या मातीत कुठलाही पिट चांगला दिसतो. आम्हा कातळावरच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे, मे महिन्यात आमचे आकडे बघवत नाहीत. तुमच्याकडे नदीकाठची माती आहे, निदान तो त्रास कमी. तरी मे मध्ये पुन्हा घ्या.

गाळा_१४ (चिपळूण)

क्लॅम्प मीटरवाला येऊन गेला. कॉमन डीबीला एकूण ४१ मिलिअँपिअर. पंपाचा एमसीबी पाडला की ६. पंप तळटाकीत बुडवलेला आहे आणि त्याच्या केबलला टाकीच्या आत चिकटपट्टीचा जोड निघाला. पावसात पाण्याची पातळी वर आली की जोड पाण्याखाली जातो. त्याच टाकीचं पाणी दोन हॉटेलं वापरतात. मेनचा लग रविवारी महावितरणकडून शटडाउन घेऊन बदलतोय, मेनचा एमसीसीबीही त्याच वेळी. पॅनेलसाठी सभा बोलावलीय.

कातळावरचा_ठेकेदार (रत्नागिरी)

पंपाला टाकीच्या आत जोड नसलेली अखंड सबमर्सिबल केबल टाका, जोड टाकीबाहेर उंचावर पेटीत. पंपाच्या वाइंडिंगचंही मेगर घ्या, जोड काढून. तोवर टाकीत कुणालाही उतरू देऊ नका, साफ करायलासुद्धा नाही. आणि आरसीसीबी पुरात बुडालेलाच आहे, गळती थांबली तरी तोही नवा घ्या. त्याचं टेस्ट बटण दाबून उडाला म्हणून तो ठीक मानू नका. ते बटण अर्थिंग नसलं तरी काम करतं, आणि किती मिलिअँपिअरला, किती वेळात सुटतो ते बटण सांगत नाही. सभेत कुणी 'चालतंय की' म्हणालं तर ४१ चा आकडा सांगा.

भाजीमंडई_कॉर्नर

ठेकेदारसाहेब, आमचं बोर्ड बघायला कधी येता? फ्यूजमध्ये तांब्याची तारच निघाली.